वादळ, पूर आणि आमच्या घरचे त्रेसष्ट पासवर्ड

१४ जानेवारी २०२५, संक्रांत. तिळाच्या वड्या थापत होते तेवढ्यात पुण्याच्या एका पाहुण्यांचा फोन आला. महिनाअखेरीसाठी त्यांनी आमच्याकडे दोन खोल्या घेतल्या होत्या. "वहिनी, उरलेले पाच हजार तुम्ही दुसऱ्याच खात्यावर मागितलेत, म्हणून म्हटलं आधी विचारून घ्यावं."

मी कुणाकडेच काही मागितलं नव्हतं. हात पुसून मेल उघडायला गेले तर पासवर्ड चुकीचा म्हणून सांगायला लागलं. तीनदा टाकला, तेच. पोटात गोळा आला.

आमचं घर दापोली तालुक्यात, हर्णैच्या जवळ. मागे नारळ-पोफळीची वाडी, वर कातळावर थोडी हापूसची कलमं, आणि २०१६ पासून चार खोल्यांचं निवास-न्याहारी. घरात मी, नवरा, सातवीतली लेक आणि सासरे. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. माझी थोरली बहीण चिपळूणला असते, तिच्या घरचं औषधांचं दुकान आहे. या दोघांचा पुढे बराच संबंध येणार आहे.

मेल परत मिळायला तीन दिवस लागले. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर होता तो दोन वर्षांपूर्वी रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेल्या सिमचा. ओटीपी जाणार तरी कुठे? शेवटी ज्या जुन्या फोनवर ते खातं पूर्वी चालायचं तो शोधून, चार्ज करून, घरच्याच वायफायवरून विनंती टाकली, तेव्हा १७ तारखेला खातं हातात आलं. कुणावर हा प्रसंग आला तर एवढं ध्यानात ठेवा: नवीन फोनवरून किंवा सायबर कॅफेतून धडपडू नका, नेहमीच्या जागेवरून आणि नेहमीच्या यंत्रावरून प्रयत्न करा. आणि खातं परत मिळालं की लगेच सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. आमच्या खात्यात 'बुकिंग' हा शब्द असलेली प्रत्येक मेल एका अनोळखी पत्त्यावर जात होती. नुसता पासवर्ड बदलून मी गप्प बसले असते तर ते तसंच चालू राहिलं असतं.

मुंबईच्या एका पाहुण्यांनी मात्र तीन हजार पाठवून टाकले होते. त्यांना १९३० या हेल्पलाइनवर फोन करायला लावला आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. तिथे व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, तारीख, वेळ आणि बँकेच्या मेसेजचा स्क्रीनशॉट लागतो. हे हाताशी ठेवूनच बसा. उशीर झालेला असल्याने पैसे पुढे निघून गेले होते. ते तीन हजार आम्ही त्यांच्या राहण्याच्या बिलातून वजा केले. चूक आमच्या घरची होती.

चूक कुठली ते दोन दिवसांत कळलं. 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर आपला मेल पत्ता टाकला की तो चोरीला जाऊन बाहेर फुटलेल्या कुठल्या कुठल्या यादीत आहे ते दिसतं. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन माणसाने २०१३ मध्ये ती सुरू केली. आमचा पत्ता दोन याद्यांत होता. त्यातल्या एका प्रवासाच्या साइटवर मी जो पासवर्ड ठेवला होता, तोच मेललाही होता. गावाचं नाव आणि पुढे लग्नाचं साल.

त्या रात्री मी आणि नवरा ओटीवर वही घेऊन बसलो आणि घरातली सगळी खाती लिहून काढली. बँका, महावितरण, गॅस, जीएसटी, आयकर, रेल्वे, खोल्यांच्या बुकिंगच्या साइट, आंब्याच्या पेट्या पाठवायचं कुरिअर, फळपीक विमा, लेकीच्या शाळेचं अ‍ॅप. त्रेसष्ट भरली. पासवर्ड मात्र जेमतेम सात, तेच फिरवून फिरवून वापरलेले.

एवढे वेगवेगळे पासवर्ड डोक्यात राहणं अशक्य, म्हणून पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत सांभाळणारा प्रोग्रॅम, घ्यायचा हे लगेच ठरलं. अडलं ते पुढच्या प्रश्नावर. तिजोरी आपल्याच कॉम्प्युटरवर फाइल म्हणून ठेवायची, की कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर?

ताईला फोन केला. ती क्षणभरही थांबली नाही. "घरात काही ठेवू नकोस."

२२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा ताईचं दुकान पूर्ण बुडालं. दुकानाच्या कॉम्प्युटरवर सगळ्या उधारीचा हिशेब होता. बॅकअपही होता, भावोजी दर शनिवारी न चुकता घ्यायचे. पण बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात होती. पाणी ओसरल्यावर दोन्ही एकाच चिखलातून निघालं. डिस्क पुसून, उन्हात वाळवून पुण्याला पाठवली, काही मिळालं नाही. ताई आजही खालच्या खणात काही ठेवत नाही.

माझं मन मात्र उलटं सांगत होतं, कारण मी ३ जून २०२० पाहिला आहे. निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, पण त्याने दापोली-मंडणगडला जे झोडपलं ते इथे राहिलेल्यांनाच माहीत. वाडीतल्या निम्म्याहून अधिक पोफळी आडव्या झाल्या. महिनाभराहून जास्त काळ वीज नव्हती, पहिले कित्येक दिवस फोनला रेंज नव्हती. पंचनाम्याला तलाठी आले तेव्हा खाते क्रमांक, आयएफएससी, गट क्रमांक, आधार, सगळं मागितलं. कौलं उडालेली, पासबुक भिजून लगदा झालेलं. कागदपत्रांचे फोटो मी मोठ्या हौसेने क्लाउडवर, म्हणजे नेटवरून पोचायच्या कंपनीच्या सर्व्हरवर, ठेवले होते. तिथवर पोचायला नेट कुठे होतं? एका खाते क्रमांकासाठी नवरा पडलेली झाडं ओलांडत दापोलीपर्यंत गेला आणि बँकेच्या दारात रांगेत उभा राहिला.

म्हणून मला वस्तू घरात हवी होती आणि ताईला घराबाहेर. दोघी आपापल्या जागी खऱ्याच होतो. जानेवारी संपेपर्यंत फोनवर हाच विषय.

या काळात जे वाचलं ते थोडक्यात सांगते. ऑफलाइनमध्ये, म्हणजे आपल्याच यंत्रावर राहणाऱ्यांत, जुना आणि नावाजलेला कीपास, डॉमिनिक राइशल यांनी २००३ मध्ये आणलेला. आज विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणारं त्याच घराण्यातलं कीपासएक्ससी फुकट मिळतं. सगळं एका केडीबीएक्स फाइलमध्ये, कुलूपबंद. ही फाइल तुम्ही ठेवाल तिथे राहते, दुसऱ्या कुणाकडे जात नाही. क्लाउडमध्ये मी बिटवॉर्डनकडे वळले. २०१६ पासून आहे, त्याचा प्रोग्रॅम कुणालाही वाचायला खुला आहे, आणि फुकट खात्यातही कितीही पासवर्ड, कितीही यंत्रं चालतात. तिजोरी आपल्याच फोनवर कुलूपबंद होते आणि मग सर्व्हरवर जाते. मास्टर पासवर्ड, म्हणजे अख्खी तिजोरी उघडणारा एकच पासवर्ड, कंपनीकडे जात नाही, म्हणून तो विसरलात तर कंपनीही काही करू शकत नाही.

हे शेवटचं अण्णांना मी समजावत होते तर त्यांनीच मला समजावलं. "आमची टपालाची थैली तशीच की. इथून बांधायची, गाठीवर लाख लावून शिक्का मारायचा. गाडीवाला थैली वाहणार, आत काय आहे ते त्याला कळणार नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "पण अख्खी थैलीच पळवली तर?"

नेमकं तेच एकदा घडलेलं आहे. लास्टपास या मोठ्या क्लाउड मॅनेजरमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये चोर शिरले, आणि २२ डिसेंबर २०२२ ला कंपनीने कबूल केलं की ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअपची नक्कल गेली आहे. पासवर्ड कुलूपबंद होते, पण कुठल्या साइटवर कुणाचं खातं आहे ते पत्ते उघडे होते. ज्यांचा मास्टर पासवर्ड कच्चा होता त्यांची थैली चोर सावकाश, घरी बसून उसवू शकतो. ऑफलाइनवालेही अगदी सुटलेले नाहीत. २०२३ मध्ये मूळ कीपासच्या २.५४ आधीच्या आवृत्त्यांत असा दोष सापडला होता की, कॉम्प्युटरची मेमरी कुणाच्या हाती लागली तर मास्टर पासवर्ड जवळपास सगळा वाचता यायचा. जूनमध्ये नव्या आवृत्तीने तो दुरुस्त झाला. कीपासएक्ससीला त्याची बाधा नव्हती. थोडक्यात दोन्हीकडे सगळा भार त्या एका मास्टर पासवर्डवर.

तर आधी तो पासवर्ड. मी सुचतील ते शब्द लिहायला घेतले आणि पहिले तीन आले आंबा, समुद्र, गणपती. कोकणातल्या कुठल्याही बाईला हेच सुचतील. म्हणून फाशाची पद्धत धरली. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या 'ईएफएफ' या संस्थेची ७,७७६ शब्दांची यादी आहे, २०१६ ची. फासा पाच वेळा टाकायचा, पाच आकडे ओळीने लिहायचे, त्या आकड्यासमोरचा शब्द आपला. सहा शब्दांना तीस वेळा फासा. लेकीने लुडोचा डबा आणला, माजघरात पाटावर फासे टाकले, मी आकडे लिहिले. मधे एकदा फासा घरंगळत फडताळाखाली गेला. तिने तो बाहेर काढला आणि म्हणाली, "आई, खाली तीन होते, पण धरायचं नाही ना? परत टाकते." त्या एका वाक्यावरून मला कळलं की तिला पद्धत समजली आहे. न आवडलेला शब्द बदलायचा मोह होतो, तो टाळा. आपण निवडायला लागलो की फाशाचा अर्थच जातो.

शब्द इंग्रजी होते, अर्थ निम्म्यांचेच माहीत. त्यांची एक वेडीवाकडी गोष्ट रचली आणि पंधरा दिवस रोज सकाळी चहाच्या आधी पूर्ण टाईप केला, बोटाचा ठसा बंद ठेवून. तोवर कागद अण्णांच्या लोखंडी पेटीत होता. मास्टर पासवर्ड मराठी लिपीत ठेवावा असं मनात होतं, पण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसायची वेळ आली आणि तिथे मराठी कळफलक नसला तर? रोमन अक्षरंच बरी.

पहिला कौल माझ्याच बाजूने लागला. २ फेब्रुवारीला लॅपटॉपवर कीपासएक्ससी घातलं, फोनवर तीच फाइल उघडणारं कीपासडीएक्स. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढून आत घेतले. ही सीएसव्ही म्हणजे उघडी वही असते. काम झालं की पुसा, रिसायकल बिनमधूनही पुसा, आणि तेवढा वेळ ती व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःला पाठवू नका. मग ब्राउझरमधले साठवलेलेही काढून टाका.

पासवर्ड बदलायचं काम रोज रात्री चार-पाच खाती असं धरलं. आधी मेल, मग बँका, मग सरकारी, मग बाकीची. २६ फेब्रुवारी उजाडला. अकरा खाती कुणी वापरतच नव्हतं, ती बंद केली. एका सरकारी पोर्टलने बदलताना वीस अक्षरांचा पासवर्ड घेतला आणि लॉगिनच्या चौकटीत मात्र पंधराच्या पुढे अक्षरच उमटू देईना. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. तेव्हापासून बदलल्यावर लगेच बाहेर पडून परत आत जाऊन बघते, मगच पुढच्या खात्याकडे वळते.

गुप्त प्रश्नांचं सांगायलाच हवं. आईचं माहेरचं आडनाव, पहिली शाळा, जन्मगाव. शहरात हे गुपित असेल. इथे एसटीच्या थांब्यावर कुणालाही विचारा. मी सगळीकडे खोटी उत्तरं भरली, तीही यंत्राने बनवलेली, आणि त्या त्या नोंदीखाली लिहून ठेवली. यूपीआयचे पिन मात्र कुठेच लिहिले नाहीत.

अण्णांच्या पेन्शनचं खातं यातलं एक. त्यावरचा मोबाइल नंबरही तोच बंद सिमचा! बंद नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्या कुणाला देऊ शकते, हे कळल्यावर मला झोप येईना. नंबर बदलायला खातेदाराने स्वतः शाखेत जायचं, फॉर्म, आधारची सहीची प्रत, पासबुक. पहिल्या खेपेला सर्व्हर बंद, दुसऱ्या खेपेला सही जुळेना, कारण अण्णांचा हात आता थरथरतो. तिसऱ्या खेपेला सहीचा नवा नमुना देऊन काम झालं. प्रत्येक खेपेला रिक्षाचे चारशे रुपये. पासवर्डपेक्षा घरातल्या कुठल्या खात्याला कुठला नंबर जोडलाय ते आधी तपासा, असं मी आता सगळ्यांना सांगते.

फाइल एक आणि यंत्रं तीन: माझा लॅपटॉप, माझा फोन, नवऱ्याचा फोन. ती सगळीकडे सारखी राहावी म्हणून सिंकथिंग लावलं. ते मध्ये सर्व्हर न ठेवता यंत्रायंत्रांत थेट फाइल पोचवतं. अँड्रॉइडवरचं मूळ अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं होतं, म्हणून त्याची पुढे चालू असलेली दुसरी आवृत्ती घ्यावी लागली. महिनाभर झकास चाललं.

मग शिमगा आला. पालखी घरी यायची म्हणून घर माणसांनी भरलेलं, चारही खोल्या भरलेल्या. त्या गडबडीत एका बुकिंग साइटने पासवर्ड बदलायला लावला, तो नवऱ्याने देवळाजवळून आपल्या फोनवर बदलला. तिथे रेंज जेमतेम. त्याच दुपारी मी लॅपटॉपवर कुरिअरचा बदलला. रात्री फोल्डरमध्ये दोन फाइली. एक नेहमीची आणि दुसरीच्या नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' आणि पुढे तारीख-वेळेचे आकडे. दोघींत एकेक पासवर्ड बरोबर, एकेक जुना. कीपासएक्ससीत दोन फाइली एकत्र करायची सोय आहे, डेटाबेसच्या मेनूत. तिने दोन्ही बदल नीट जुळवले. काम पाच मिनिटांचं. पण ती दुसरी फाइल मला दिसली म्हणून. नवरा एकटा असता तर त्याने नको असलेली फाइल समजून पुसली असती, तसं तो म्हणालाही.

एप्रिल-मे आंब्याचे. पेट्या, पेंढा, कुरिअर, पाहुणे. कुणाला सवड नव्हती, आणि जे आहे ते बरं चाललंय म्हणून मी लक्षही दिलं नाही.

२० मेपासून पाऊस धरला. २५ तारखेला मान्सून कोकणात आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, इतक्या लवकर आमच्याकडे कुणाला सवयच नव्हती. बागेत आंबा झाडावर, अंगणात कोकमं वाळत घातलेली. त्या रात्री वीज चारदा गेली आणि चारदा आली. लॅपटॉप चार्जिंगला लावलेला राहिला. सकाळी तो चालू होईना.

फोनवर फाइलची प्रत होती. उघडून बघितली तर १६ मेची. फोनच्या बॅटरी बचतीच्या सेटिंगने सिंकथिंगला मागच्या मागे झोपवलं होतं आणि नऊ दिवस काही पोचलंच नव्हतं. त्या नऊ दिवसांत मी दोन पासवर्ड बदलले होते, दोन्ही ओटीपीवर परत बदलून मिळाले. खेडच्या दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप अकरा दिवसांनी दिला, ५,२०० रुपये घेतले, डिस्क शाबूत होती. म्हणजे नुकसान म्हणाल तर फार नाही.

तरी त्या अकरा दिवसांत मला एक गोष्ट सतत टोचत राहिली. हे सगळं फक्त मला येत होतं. कुठली फाइल खरी, जुळवायची कशी, सिंकथिंग झोपलं तर उठवायचं कसं. वादळाला पुरून उरेल अशी तिजोरी मी केली होती, पण मी आठ दिवस दवाखान्यात असले असते तर नवऱ्याला विजेचं बिल भरता आलं नसतं.

आणि २०२० कडे नीट बघितल्यावर आणखी एक उमगलं. नेट नसताना मला पासवर्ड लागलेच नव्हते. नेटच नाही तर पासवर्ड टाकणार कशात? तेव्हा हवे होते ते क्रमांक: खात्याचे, गटाचे, विम्याचे, वीज ग्राहक क्रमांक. घरात, नेटशिवाय, हाताशी असायला हवेत ते हे. पासवर्ड बाहेर असले तरी चालतात, पण ते दोघांनाही उघडता आले पाहिजेत. इतके महिने मी दोन गरजांना एकच गरज समजत होते. ताईला फोन करून हे सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग आता कर सुरू."

८ जूनला बिटवॉर्डनचं खातं काढलं. काढतानाच सर्व्हर अमेरिकेतला की युरोपातला असं विचारतात. काय निवडलं ते लिहून ठेवा, कारण दुसऱ्या ठिकाणी लॉगिन करायला गेलात तर तुमचं खातं तिथे नसतंच आणि उगाच जीव घाबरा होतो. मास्टर पासवर्ड नवा, पुन्हा लुडोचा फासा. टू-स्टेप लॉगिन, म्हणजे पासवर्डनंतर मागितला जाणारा दुसरा कोड, एसएमएसवर न ठेवता फोनवरच कोड बनवणाऱ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर ठेवलं, आमच्या रेंजचा भरवसा नाही म्हणून. त्याचा रिकव्हरी कोड मिळतो, तो छापलाच पाहिजे. फोन समुद्रात पडला तर तोच वाचवतो. नवऱ्याचं खातं वेगळं, आणि घरच्या समाईक नोंदी दोघांत वाटून घेतल्या. दोन माणसांपुरती ही सोय फुकट आहे.

कीपासएक्ससीतून इकडे आणायला एक तास लागला. मग फोन विमान मोडवर टाकून वाडीत गेले आणि तिजोरी उघडून पाहिली. आधी लॉगिन केलेलं होतं म्हणून सगळं वाचता आलं; नवी नोंद तेवढी करता आली नाही. तिथेच झाडाखाली उभी राहून मी एक नवी टिपण करायचं ठरवलं आणि घरी येऊन केली. तिचं नाव ठेवलं 'पंचनामा'. सगळे गट क्रमांक, खाती, आयएफएससी, विमा पॉलिसी, ग्राहक क्रमांक त्यात आहेत. तीच टिपण छापून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, देवघरावरच्या माळ्यावरही ठेवली आहे.

बिटवॉर्डनमध्ये आणीबाणीच्या प्रवेशासाठी, म्हणजे आपल्याला काही झालं तर आपल्या माणसाला तिजोरी उघडता यावी या सोयीसाठी, पैसे भरावे लागतात. मी घेतलं तेव्हा वर्षाला १० डॉलर, म्हणजे साडेआठशेच्या आसपास. कार्डाने पैसे जाईनात. नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू केले, मर्यादा दोन हजारांवर ठेवली, पैसे गेल्यावर परत बंद केले. नवऱ्याला वाटलं कार्डच बिघडलं, म्हणून आमचे दोन दिवस त्यात गेले.

या सोयीत मी ताईला नेमलं. मला काही झालं आणि ताईने प्रवेश मागितला, तर मी नाही म्हणायला सात दिवस. मी गप्प राहिले तर तिला तिजोरी दिसते. तीन पायऱ्या आहेत: मी बोलावणं पाठवायचं, तिने स्वीकारायचं, मग परत मी पक्कं करायचं. ही तिसरी पायरी आम्ही विसरलो होतो आणि पंधरा दिवस सगळं झालं असं समजून निर्धास्त होतो. जुलैत चाचणी म्हणून ताई प्रवेश मागायला गेली तेव्हा लक्षात आलं. नेमणूक केलीत तर एकदा खोटी खोटी विनंती करून बघा.

कीपासएक्ससी मी सोडलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बिटवॉर्डनमधून सगळं बाहेर काढते, कीपासएक्ससीत घेऊन केडीबीएक्स फाइल करते आणि मधली उघडी फाइल पुसते. ३२ जीबीचे दोन पेनड्राइव्ह आणले, साडेचारशेला एक. एक दापोलीच्या बँक लॉकरमध्ये, एक ताईकडे, पहिल्या मजल्यावर. ताईचा पेनड्राइव्ह ती आली-गेली की बदलायचा. त्याचा पासवर्ड बंद पाकिटात, तोही तिच्याचकडे. कुलूप-किल्ली एका घरात ठेवली म्हणून काहींना पटणार नाही. मी विचार करूनच ठेवली आहे. ज्या दिवशी ते पाकीट लागेल त्या दिवशी ताईला आणखी कुठे धावायला लागू नये.

गणपतीला ताई दोन दिवस राहायला आली. २९ ऑगस्टला आरती झाल्यावर पेनड्राइव्ह तिच्याच लॅपटॉपला लावून तिला एकटीला उघडायला दिला. मी फक्त बघत बसले. एकदा टाईप करताना चुकली, दुसऱ्यांदा उघडला. तिने 'पंचनामा' शोधली आणि माझ्या वीज ग्राहक क्रमांकाचे आकडे मोठ्याने वाचून दाखवले.

पाकिटं अण्णांनी बंद केली. लाखेची कांडी त्यांच्या पेटीत होती, किती वर्षांपूर्वीची कुणास ठाऊक. मेणबत्तीवर ती धरली की लाल थेंब ओघळायचा, तो कागदाला टेकायच्या आत हात थरथरायचा, म्हणून लेकीने त्यांचं मनगट धरलं. टपाल खात्याचा शिक्का निवृत्तीच्या दिवशी जमा केलेला, त्याऐवजी तांब्याचा जुना पैसा दाबला. विमा उतरवलेल्या टपालाच्या पाकिटाला प्रत्येक जोडावर लाख लागते, म्हणाले, आणि पाचही ठिकाणी लावल्याशिवाय थांबले नाहीत. मग वही काढून नोंद केली. पाकीट क्रमांक १, लॉकर. पाकीट क्रमांक २, चिपळूण. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून ताईला म्हणाले, "इथे सही कर, तारीख घाल." ताईने सही केली आणि पाकीट पर्समध्ये आतल्या कप्प्यात ठेवलं.